डंकनची घाई

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, भाजीबाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, नेव्हिल थर्लबीच्या तोंडून तो शब्द निसटला. निसटला म्हणजे अगदी आपसूक, शिंक यावी तसा. पायी जाणाऱ्यांचा दिवा लाल होता, पण लेस्टरमध्ये त्या दिव्याकडे बघतो कोण? त्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, "मोकळा!" म्हणाला आणि पाऊल टाकलं. एवढंच. त्याच्या मागे एक तरुण बाई उभी होती. एक हात बाबागाडीवर, दुसऱ्या हातात मोबाईल आणि डोकं त्या मोबाईलमध्ये. शब्द कानावर पडला तशी तीही निघाली, मान वर न करता, फक्त दोन-तीन पावलं उशिरा. तेवढ्यात कोपऱ्यावरून बस वळली. ब्रेक किंचाळले, बसमधली उभी माणसं पुढे भेलकांडली, आणि बाबागाडीचं पुढचं चाक बसच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबलं. मूल झोपलेलंच होतं. बाई पांढरीफटक पडली होती, ती ड्रायव्हरला काही बोलली नाही, तरातरा चालत नेव्हिलपाशी आली आणि ओरडली, "अहो, तुम्ही म्हणालात ना मोकळा म्हणून? मी ऐकलं! तुम्हीच म्हणालात!" नेव्हिलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मी... मी माझ्यापुरतं म्हणालो," तो म्हणाला. "माझ्यापुरतं म्हणे! मग मनात म्हणा की!" बाई निघून गेली. नेव्हिल तिथंच दुकानाच्या काचेला टेकून उभा राहिला. अकरा महिने आणि काही दिवस झाले होते. एवढ्या काळात त्यानं तो शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नव्हता. सायकलवर नाही, घरात नाही, कशातच नाही. त्याला वाटत होतं की तो शब्द आता मेला असेल.

बटाटे घ्यायचे राहिले. घरी येऊन त्यानं चहा केला आणि तो पुढ्यात तसाच निवू दिला. खोलीच्या भिंतीवर सायकल क्लबचं नियमांचं कार्ड टांगलेलं होतं. नवीन आलेल्या प्रत्येक सभासदाच्या हातात ते कार्ड ठेवायची रीत होती, आणि ते लिहिलं होतं दुसऱ्या कुणी नाही, नेव्हिलनंच, एकोणीस वर्षांपूर्वी. पाचवा नियम ठळक अक्षरात होता. चौकात पुढच्या स्वारानं मागच्यांसाठी रस्ता मोकळा असल्याची हाक देऊ नये. ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं. केवढा वाद झाला होता तेव्हा समितीत! जुनी माणसं म्हणत होती, आम्ही पन्नास वर्षं हाका देतोय, काय बिघडलं? आणि नेव्हिल, जो एरवी सभेत कोपऱ्यात बसून बिस्किटं खायचा, तो उठून म्हणाला होता, की हाक खरी असते ती देणाऱ्यापुरती, ऐकणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर ती शिळी होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. डंकन गॅमबलनं सगळ्यांत मोठ्यानं. आणि त्याच रविवारी, बाकीचे मागे पडल्यावर, दोघंच पुढे असताना, डंकननं पहिल्याच चौकात पुढे जाऊन "मोकळा!" म्हणून आरोळी ठोकली होती आणि नेव्हिल त्याच्यामागून पाय न टेकवता सुळकन निघून गेला होता. दोघंही हसले होते. नियम लोकांसाठी होता हो. या दोघांचं वेगळं होतं, चाळीसहून जास्त वर्षांचं होतं. सतरा-अठराव्या वर्षापासून, मोज्यांच्या कारखान्यात दोघं एकाच यंत्राखाली पाठीवर पडून तेल देत होते तेव्हापासून, शनिवारी दुपारी भोंगा झाला की सायकली काढायच्या आणि शहराच्या पूर्वेला, टेकड्यांच्या चढउतारात शिरायचं. पुढचा बघतो, मागचा येतो. पाय टेकवायचा नाही. बुटाची खिट्टी पेडलमधून सोडवायची, पाय जमिनीवर ठेवायचा, पुन्हा खिट्टी अडकवायची, यात लय तुटते म्हणे. लय! साठी उलटलेली दोन माणसं, एकाला गुडघ्याचा त्रास, दुसऱ्याला कानात ऐकण्याचं यंत्र, आणि म्हणे लय. पण ती होती. त्याचं काय करणार?

आता ती सगळी दुपार पुन्हा समोर येऊन बसली, न बोलावता. मे महिना, काटेरी कुंपणं पांढऱ्या फुलांनी लदलेली आणि त्या फुलांचा तो वास, गोड पण आत कुठेतरी कुजकट, जो नेव्हिलला लहानपणापासून आवडत नसे. कोल्ड हॅलबी गावावरून उतार लागतो, उताराच्या तळाशी मोठा रस्ता आडवा येतो. डंकननं आखलेल्या त्या अख्ख्या साठ मैलांच्या वाटेवर मोठ्या रस्त्याशी गाठ पडते ती तेवढ्याच एका जागी. बाकी सगळ्या गल्लीबोळासारख्या अरुंद वाटा, मेंढ्यांच्या कुरणांतून, दगडी चर्चच्या मागून. डंकनला त्या वाटेचा फार अभिमान होता. ग्लेनिस, म्हणजे क्लबची सेक्रेटरी, हिचं चाक वर चढावावर पंक्चर झालं होतं आणि बाकीचे तिघं तिच्यापाशी थांबले होते. हे दोघं पुढे. नेव्हिल पहिला. डंकन पंधरा-वीस हात मागे, कारण तो बाटली काढून पाणी पीत होता. नेव्हिलनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता, अगदी खरोखर रिकामा होता, हे तो देवासमोरही सांगेल. तो म्हणाला, "मोकळा!" आणि पलीकडे गेला. पलीकडच्या वाटेचा चढ लागला म्हणून त्यानं गिअर बदलला. डंकननं बाटली जागेवर ठेवली असणार, मान खालीच असणार, आणि हाकेवर भरवसा ठेवून तो आला. चार सेकंद. पुढे नेव्हिलनं घड्याळ लावून कितीदा तरी मोजून पाहिलं होतं, उतार, अंतर, वेग धरून. चारच. वळणावरून टेंपो आला. आवाज मोठा झालाच नाही. नेव्हिलला वाटलं, कुणीतरी शेताचं फाटक जरा जोरात लावलं. तो परत धावत आला तेव्हा डंकन गवतावर कुशीवर निजला होता, चष्मा नाकावर तसाच, काचेला तडासुद्धा नव्हता. हँडलवरचं ते इवलंसं यंत्र, जे मैल मोजतं, ते चालू होतं. पडद्यावर लिहिलं होतं, फेरी थांबली आहे, पुन्हा सुरू करायची का? टेंपोतून उतरलेला पोरगेला माणूस रस्त्यात बसून रडत होता, "तो थांबलाच नाही हो, तो बघतच नव्हता," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि नेव्हिलनं, डंकनचा हात हातात धरून, ते ऐकून घेतलं होतं.

पोलिसानं तिथंच विचारलं होतं, कुणी काही हाक दिली होती का, म्हणून. पोलीस स्वतः सायकल चालवणारा असावा. नेव्हिल म्हणाला, "नाही. आमच्याकडे तो नियमच आहे. ज्यानं त्यानं बघायचं." यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलं सहज निघून गेलं. एकदा निघून गेल्यावर त्याला परत कसं बोलावणार? मृत्यूची चौकशी झाली तेव्हा समोर बसलेल्या चष्मेवाल्या बाईंनी हळुवारपणे तेच विचारलं आणि नेव्हिलनं तेच सांगितलं. ग्लेनिसनं क्लबचं कार्ड पुरावा म्हणून पुढे केलं. पाचवा नियम मोठ्यानं वाचला गेला. अपघाती मृत्यू, चालकाचा दोष नाही, कुणाचाच दोष नाही, असा निकाल झाला. म्हणजे राहता राहिला तो डंकनचाच. पण हेही एक वेळ पचलं असतं. पोलिसांशी, अधिकाऱ्यांशी माणूस खोटं बोलतो, बिचकून बोलतो. जे पचत नव्हतं ते थेल्माचं, डंकनच्या बायकोचं होतं. अंत्यविधीनंतर तिच्या स्वयंपाकघरात दोघंच उरले होते, बाहेर लोक सँडविच खात होते, आणि तिनं त्याच्या कोटाची बाही धरून विचारलं होतं, "नेव्ह, खरं सांग. तू त्याला काही म्हणाला होतास का?" तिचे डोळे कोरडे होते. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाच फक्त सांगता आलं असतं. तो म्हणाला, "नाही गं. तू ओळखतेस ना त्याला. थांबणं कुठं माहीत होतं त्याला? सदानकदा घाई." थेल्मानं बाही सोडली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बसलं, खिळा बसावा तसं, आणि ती म्हणाली, "हो. घाईच. तीन आठवड्यांनी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, तेवढंसुद्धा थांबता आलं नाही मेल्याला."

नेव्हिलनं लग्न केलं नव्हतं. त्याला घर होतं ते गॅमबलांचंच. दर बुधवारी संध्याकाळी सहाला त्यांच्याकडे जेवण. मांसाचं सारण भरलेली पाई, उकडलेले वाटाणे, वर दाट रस्सा. डंकन गेल्यावरही थेल्मानं बुधवार मोडला नाही. "तू नाही आलास तर मी टोस्ट खाऊन झोपेन," ती म्हणाली होती. तेव्हापासून बुधवारमागून बुधवार तो त्या टेबलाशी बसला आणि त्यानं डोळ्यांनी बघितलं, की त्याच्या त्या दोन वाक्यांनी तिनं काय उभं केलंय. ती नवऱ्यावर रागावली होती. रडत नव्हती, रागावली होती. पहिल्या महिन्यात तिनं डंकनची हातानं बांधलेली हिरवी सायकल धर्मादाय दुकानात देऊन टाकली. "घाई होती ना त्याला, मग मलाही आहे," असं म्हणाली. नातवंडांना सांगितलं, आजोबांना धीर नव्हता. त्याच्या वाढदिवसाला ती कबरीवर गेली नाही. बोलता बोलता मध्येच तिचा आवाज चढायचा. "मला सांग नेव्ह, दोन सेकंद मान वर करायला काय जातं रे माणसाचं? बायको आहे घरी, एवढं तरी डोक्यात यायला नको?" आणि नेव्हिल पुढ्यातले वाटाणे काट्यानं एकेक टोचत म्हणायचा, "तो तसाच होता." हे त्यानं किती वेळा म्हटलं असेल? पन्नास? आणि प्रत्येक वेळी घरी येताना ठरवायचा, पुढच्या बुधवारी सांगू. मग पुढचा बुधवार यायचा, ती दार उघडायची, आतून गरम रश्श्याचा वास यायचा, आणि जीभ रेटायची नाही. सांगितलं तर हे दार बंद. एवढं एकच दार होतं हो त्याला. ते बंद झाल्यावर आठवड्यात उरतं काय? बाजार आणि दवाखाना.

तर असा तो गुरुवार. आणि रविवारी डंकनच्या नावानं क्लबची फेरी, त्याच्याच वाटेवरून, सगळ्यांच्या पुढे अर्थातच नेव्हिल. शुक्रवार-शनिवार त्याला झोप अशी लागलीच नाही. ती बाबागाडी डोळ्यांसमोरून हलेना. मूल झोपलेलं होतं, हे त्याला सारखं आठवायचं. रविवारी सकाळी चाळीसेक जण जमले, एरवी दहा-बारा येत. हवा सुरेख होती, काय करायची होती एवढी सुरेख? मार्श थॉर्पच्या पुढे शेतातून जाणारी वाट लागली, तिच्यावर आडवी फाटकं असतात, गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून. पहिल्यानं उघडायचं आणि शेवटच्यानं लावायचं. नेव्हिल उतरून पहिलं फाटक धरून उभा राहिला, एकेक जण त्याच्यासमोरून जात म्हणत होता, "थँक्यू नेव्हिल, थँक्यू म्हाताऱ्या," आणि त्याला वाटत होतं, या प्रत्येकाला माहीत असायला हवं होतं. ग्लेनिस त्याच्यापाशी थांबली. ही सदा हसरी, गोल चेहऱ्याची, निवृत्त शिक्षिका. क्लबचं सगळं तिच्याच खांद्यावर. ती हळूच म्हणाली, "तुला म्हणून आधी सांगते, दुपारच्या चहाला एक गंमत आहे. डंकनच्या नावानं चषक करतोय आपण."

"चषक? कसला चषक?"

"अरे, रडका नाही! त्याला आवडला असता का रडका? जुन्या सामानाच्या दुकानात एक गोल्फचा कप मिळाला, त्यावरचं नाव झाकून आपली पट्टी बसवली. वर्षातल्या सर्वांत उतावळ्या स्वाराला द्यायचा." ती आताच हसायला लागली. "पट्टीवर काय कोरलंय माहितेय? 'डंकन गॅमबल, ज्याला थांबता येत नव्हतं.' थेल्माच्या हातून द्यायचा. मी विचारलं तिला, भीत भीत. ती म्हणाली, द्या की, खरंच तर आहे."

"कोरलंय?" नेव्हिलनं विचारलं. "म्हणजे कोरून झालंय?"

"पितळेत. जन्मभर राहील," ग्लेनिस म्हणाली आणि पुढे निघाली. नेव्हिल फाटक धरून तसाच उभा राहिला. सगळे पुढे गेल्यावर शेवटी त्यानंच ते लावलं. आतापर्यंत खोटं त्याच्या तोंडात होतं, थेल्माच्या डोक्यात होतं, चौकशीच्या कागदात होतं. तोंड बदलता येतं, कागद फायलीत पडून राहतो. पण हे दर वर्षी टेबलावर मांडणार, पुसून चकचकीत करणार, पोरंटोरं वाचणार आणि खो खो हसणार. डंकन काही घायकुता नव्हता. हे चाळीस जणांत नेव्हिलइतकं कुणाला ठाऊक नव्हतं; बाकीच्यांच्या लक्षात चौकशीचा निकालच तेवढा राहिला होता. घायकुता कसला, डंकन गोगलगाय होता! चढावर तो मुद्दाम हळू चालवायचा, कुंपणापलीकडच्या मेंढ्यांशी बोलायचा, प्रत्येक गावच्या चर्चच्या घड्याळाशी आपलं घड्याळ ताडून बघायचा. बाटली काढून पाणी प्यायलासुद्धा तो एवढा वेळ लावायचा, की नेव्हिल पुढे निघून जायचा. त्या दिवशी घाई असलीच तर ती नेव्हिलला होती. उताराचा वेग वाया जाऊ नये, पलीकडचा चढ एका दमात निघावा, म्हणून थांबायचं नव्हतं ते त्याला. हे त्यानं आजपर्यंत स्वतःशीसुद्धा एवढं उघड म्हटलं नव्हतं. तेव्हाच ठरलं. आज सांगायचं, चहाच्या आधी.

कोल्ड हॅलबीचा उतार आला तेव्हा तो पार वर असतानाच खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालत खाली गेला. मागचेही उतरले, त्यांना वाटलं आदर म्हणून. चाळीस माणसं बुटांचे लोखंडी तळवे टकटक वाजवत रस्त्याकडेला आली. कुणी टोपी काढली. मोठा रस्ता रविवारचा, शांत. एक गाडी गेली, मग बराच वेळ काहीच नाही. ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितलं, पाचव्या नियमाबरहुकूम, आणि एकेकटे पलीकडे गेले. तेवढ्या जागेत फुलांचा तोच वास भरून राहिला होता. त्यानं चार वेळा उजवीकडे पाहिलं.

नेदर टिलबीच्या गावसभागृहात चहा होता. थेल्मा मुलीच्या गाडीतून आधीच पोचली होती आणि आतल्या छोट्या स्वयंपाकघरात, बाह्या वर करून, मोठ्या पातेल्यातलं पाणी किटल्यांमध्ये ओतत होती. गावच्या दोन बायका हॅमची सँडविचं घेऊन बाहेर गेल्या तसा नेव्हिल आत शिरला आणि त्यानं दार लोटून घेतलं. "आलास? बरं झालं," थेल्मा म्हणाली, "तो दुधाचा जग दे इकडे. आणि तोंड असं का झालंय तुझं? थकलास?" त्यानं जग दिला नाही. तो म्हणाला, "थेल्मा, मी हाक दिली होती." तिला कळलं नाही. "कसली हाक?" "त्या दिवशी. चौकात. मी म्हणालो, मोकळा. म्हणून तो आला. मी म्हणालो म्हणून आला तो. तो बघत नव्हता कारण मी बघितलं होतं. चाळीस वर्षं आम्ही तसंच..." पातेल्याला उकळी फुटत होती. थेल्मानं शेगडीचं बटण बंद केलं, हात फडक्याला पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. तिला रडू येईल, ती मारेल, असं काहीबाही त्यानं मनात बांधलं होतं. तसलं काही झालं नाही.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालास, त्याला घाई होती. तू मला ते शब्द दिलेस. माझे नव्हते ते, नेव्ह. मला तर त्याच्या संथपणाचा वैताग यायचा! एका कप चहाला पाऊण तास लागायचा त्याला. मी स्वतःशीच म्हणत राहिले, की सायकलवर वेगळा असेल, नेव्हिल सांगतोय म्हणजे असेल." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "वर्षभर मी शिव्या घातल्या त्याला. मेलेल्या माणसाला. त्याची सायकल टाकून दिली. त्याच्या वाढदिवसाला घरी बसून राहिले, मुद्दाम, अद्दल घडवायची म्हणून. आणि तू समोर बसून जेवत होतास."

"मला सांगायचं होतं गं. दर बुधवारी..."

"दर बुधवारी तू वाटाणे खाल्लेस." तिनं फडकं घडी करून ठेवलं. "मी रडलेले नाहीये अजून, ठाऊक आहे का तुला? रागावलेलं माणूस रडत नाही. आता कशी रडू? वर्ष झालं. आता कुणाची माफी मागू मी, आणि ती देणार कोण?"

नेव्हिल म्हणाला, "मला माफ कर." म्हणता क्षणीच त्याला कळलं, की हे चुकलं. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तो भलत्याच घरात शिरलेला कुणी होता.

"मला सांगून हलका व्हायला आला होतास होय? मला सांगून काही होत नाही. बाहेर चाळीस माणसं माझ्या नवऱ्याला हसायला बसलीयत. त्यांना सांग. जा, आत्ता सांग. ते पितळ त्यांच्यासमोर खोटं ठरव, मग बघू माफीचं." बाहेरून ग्लेनिसनं चमच्यानं कपावर टणटण वाजवलं. "थेल्मा! ये गं, सगळे खोळंबलेत!" थेल्मानं केसांवरून हात फिरवला आणि ती नेव्हिलच्या बाजूनं, त्याला स्पर्श होणार नाही अशी, बाहेर गेली.

सभागृह माणसांनी आणि घामानं आणि फळांच्या केकच्या वासानं भरलं होतं. कप टेबलावर होता, बेढब, दोन कानांचा. ग्लेनिसनं पट्टी वाचली आणि हशा पिकला. चांगला, मायेचा हशा, त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मागून कुणी ओरडलं, "तिकडेही रांग मोडून पुढे गेला असेल!" पुन्हा हसले. ग्लेनिसनं विजेत्याचं नाव असलेला लिफाफा थेल्माच्या हातात दिला. थेल्मानं तो उघडला नाही. कप उचलला आणि म्हणाली, "समितीनं कुणाला निवडलंय मला माहीत नाही. त्यानं किंवा तिनं रागावू नये. पहिल्या वर्षीचा हा चषक मी माझ्या मर्जीनं देणार आहे. नेव्हिलला." आणि जो काही गलका उठला! नेव्हिलला? जो गोगलगाय दिसली तरी पाय टेकवतो, त्याला? कोपऱ्यातला एक जण टेबलावर थापा मारत हसला. थेल्माबाई, मानलं तुम्हाला! ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून हसून. लोकांनी नेव्हिलला दंडाला धरून पुढे ढकललं, त्याच्या हातात तो कप आला, वाटला होता त्यापेक्षा हलका, पत्र्याचाच. "भाषण! भाषण!" म्हणून पाय आपटायला लागले.

थेल्मा त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती हसत नव्हती. तिनं त्याला जागा करून दिली होती, सगळ्यांना गप्प केलं होतं, आणि आता ती वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, एवढं सगळं ऐकल्यावरसुद्धा, थोडीशी आशा होती. ती आशा बघून नेव्हिलनं नजर लोकांकडे फिरवली. चाळीस तोंडं त्याच्याकडे वळलेली. मागच्या रांगेत गेल्याच महिन्यात आलेली एक मुलगी, हातात ते नियमांचं कार्ड. एकच वाक्य होतं. मघाशी आत म्हटलं तेच, चार शब्दांचं. त्यानं घसा खाकरला. सगळे थांबले. तो म्हणाला, "डंकन..." आणि पुढे जे यायला हवं होतं ते घशात आलंही होतं, पण त्याच्या आधी दुसरंच काही तिथं तयार होतं, वर्षभर घोटून घोटून गुळगुळीत झालेलं, आणि तेच बाहेर पडलं. "डंकन असता तर म्हणाला असता, भाषण कसलं करतोस, चहा निवतोय." हशा, टाळ्या, शिट्ट्या. त्याच्या ओठांवरही हसू आलं, कसं आलं देव जाणे. "थांबता येत नव्हतं त्याला," तो म्हणाला, आणि कप वर धरला. सगळ्यांनी आपापले चहाचे कप वर केले.

थेल्मानं खुर्चीवरचा कोट उचलला. मुलीला म्हणाली, "चल, मला कबरस्तानात सोड." दारापर्यंत तिनं वाटेतल्या दोघा-तिघांचे हात हातात घेतले, आभार मानले. नेव्हिलकडे तिनं बघितलं नाही. तो कप धरून उभा होता आणि ग्लेनिस त्याला सांगत होती, की नियम असा आहे, आपलं नाव आपणच कोरून आणायचं, पुढच्या रविवारपर्यंत, पट्टीखाली जागा सोडलेली आहे.